तक्त्यावर एक रकाना, खाटेजवळ एक माणूस

प्रति,
सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन,
सचिव, वैद्यकीय शिक्षण विभाग, महाराष्ट्र शासन,
सर्व महानगरपालिकांचे आरोग्य अधिकारी,
सर्व सरकारी, धर्मादाय आणि खासगी रुग्णालयांचे अधीक्षक, संचालक आणि अधिसेविका

विषय : विषाणूजन्य आजाराने दाखल होणाऱ्या वृद्ध रुग्णांमधील डेलिरियमची नोंद, प्रतिबंध आणि नातेवाइकांच्या उपस्थितीबाबत.

महोदय / महोदया,

दरवर्षी जुलै उजाडला की मेडिसिन वॉर्ड भरू लागतो. इन्फ्लुएन्झा, डेंग्यू, चिकनगुन्या आणि २०२० पासून कोविडही. गणपती येईपर्यंत दोन खाटांच्या मध्ये गाद्या घालायची वेळ येते. या गर्दीत सत्तरी ओलांडलेले आजी-आजोबा पुष्कळ असतात. त्यांतल्या कित्येकांच्या केसपेपरवर ताप, खोकला, अंगदुखी यांच्या खाली आणखी एक ओळ उतरते : ‘असंबद्ध बोलतात’, ‘सहकार्य करत नाहीत’, ‘सलाईन उपसून टाकतात’. ती ओळ पुढच्या पाळीला वाचून दाखवली जाते आणि तिथेच राहते. तिच्यामागचं कारण शोधायला कुणाला सवड नसते.

मी सरकारी रुग्णालयात आधी परिचारिका आणि मग परिसेविका म्हणून नोकरी केली. बरीच वर्षं मेडिसिन वॉर्डात काढली, कोविडच्या लाटांत कोविड वॉर्ड सांभाळला. आता निवृत्त आहे. केसपेपरवरच्या त्या ओळीबद्दल आपल्याला लिहिते आहे.

माझं म्हणणं थोडक्यात सांगते. आजारी म्हाताऱ्या माणसाची शुद्ध अचानक बदलली, तर ती तापापेक्षाही तातडीची खूण आहे. ती पाळीगणिक तपासून लिहिण्यासाठी रुग्णाच्या तक्त्यावर एक रकाना हवा. आणि ती शुद्ध टिकून राहावी म्हणून खाटेजवळ रुग्णाच्या ओळखीचं एक माणूस हवं. ज्या वॉर्डांत मी काम केलं तिथे यातलं काहीही नियमात नव्हतं.

या अवस्थेला डॉक्टर डेलिरियम म्हणतात. काल संध्याकाळपर्यंत पेपर वाचणारा, घरच्यांची चौकशी करणारा माणूस काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत गोंधळून जातो. त्याचं लक्ष एका जागी ठरत नाही. आपला प्रश्न संपायच्या आत तो दुसरीकडे पाहू लागतो. सकाळच्या राउंडला डॉक्टरांशी नीट बोलतो आणि दिवेलागणीनंतर त्याला भिंतीवर किडे चालताना दिसतात, सलाईनची नळी साप वाटते, सिस्टर विष घालायला आली आहे असं वाटतं. दिवसभरातला हा चढउतार ही डेलिरियमची मोठी खूण. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांनी हळूहळू वाढतो. डेलिरियम अचानक येतो आणि कारण सापडून उपचार झाले तर बहुतेकदा ओसरतो. ज्यांना आधीपासून स्मृतिभ्रंश आहे त्यांना तो अधिक सहज गाठतो, म्हणून ‘यांचं असंच असतं’ असं म्हणून पुढे जाणं फार धोक्याचं.

आरडाओरडा करणारा रुग्ण निदान सगळ्यांच्या नजरेत येतो. दुसरा प्रकार नजरेतून सुटतो. या प्रकारात माणूस गप्प होतो. भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. भरवलेला घास तोंडात तसाच धरून ठेवतो. हाक मारली तर डोळे उघडतो आणि पुन्हा मिटतो. मध्येच पांघरुणाची सुतं वेचत राहतो. त्याचा कुणाला त्रास नसतो, त्यामुळे त्याच्याविषयी तक्रारही येत नाही. पाळी बदलताना आम्ही ‘आजी शांत आहेत’ असं सांगतो आणि पुढच्या खाटेकडे वळतो. वृद्धांमध्ये डेलिरियमचा हा गप्प प्रकार मुळीच दुर्मीळ नाही. तो उशिरा ओळखला जातो, आणि तोवर शरीरात पाणी कमी पडलेलं असतं, फुफ्फुसात अन्न गेलेलं असतं, पाठीला जखमा सुरू झालेल्या असतात.

विषाणू आणि डेलिरियम यांचा संबंध काय, असा प्रश्न आपल्यातल्या प्रशासकीय अधिकाऱ्यांना पडेल. प्रत्येक वेळी विषाणू मेंदूत शिरतोच असं नाही. संसर्गाशी लढताना शरीरात जो दाह उसळतो, त्याची झळ मेंदूला लागते. त्यात ताप, रक्तातला कमी झालेला ऑक्सिजन, उलट्या-जुलाबांनी आणि न पिण्याने आटलेलं पाणी, घसरलेलं सोडियम, हुकलेली झोप यांची भर पडते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी सोडियम आधीच कमी झालेलं असतं. जुनी भिंत उन्हाळ्यात भक्कम दिसते आणि झडीच्या पावसात ओल धरते, तसं वय झालेल्या मेंदूचं असतं. एरवी तो सगळं निभावतो, पण एकाच वेळी इतके भार पडले की हाताशी शिल्लक काही राहत नाही. त्यात म्हातारपणी ताप कधी कधी चढतच नाही. खोकला नाही, धाप नाही, अंग गरम नाही, आणि आजोबा मात्र घरातल्यांना ओळखेनासे झालेले. आजाराची पहिली आणि कधी कधी एकमेव खूण तीच असते.

कोविडने हे आकड्यांत दाखवून दिलं. अमेरिकेतल्या सात रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत आलेल्या, ६५ वर्षं आणि त्याहून अधिक वयाच्या ८१७ कोविड रुग्णांचा अभ्यास नोव्हेंबर २०२० मध्ये ‘जामा नेटवर्क ओपन’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांतल्या २८ टक्के रुग्णांना आले तेव्हाच डेलिरियम होता. आणि डेलिरियम असलेल्यांपैकी ३७ टक्के रुग्णांना ताप किंवा धाप यांसारखी कोविडची ठरावीक लक्षणं नव्हतीच. या रुग्णांना अतिदक्षता विभागात जावं लागण्याचं आणि त्यांच्या मृत्यूचं प्रमाण अधिक होतं. आपल्याकडे त्या काळात दारादारावर ताप आणि ऑक्सिजन मोजला गेला. ‘आजी कालपासून वेगळ्या वागतायत का?’ हा प्रश्न त्या तपासणीच्या फॉर्मवर मी पाहिला नाही.

डेंग्यूत आणि फ्लूतही हेच घडतं. चिकनगुन्याच्या बाबतीत तर आणखी सावध राहायला हवं. २०२४ मध्ये पुण्यात चिकनगुन्याच्या साथीत मेंदूवर आणि मज्जासंस्थेवर परिणाम झालेले रुग्ण आढळले होते. अशा रुग्णात शुद्ध बदलणं ही मेंदूच्या दाहाची सुरुवात असू शकते. तक्त्यावरचा रकाना ही शंकाही वेळेत जागी करील.

कारण शोधणं म्हणजे काय, हे एका रात्रीच्या प्रसंगावरून सांगते. फ्लूने दाखल झालेले एक शेतकरी आजोबा, वय पंचाहत्तरीच्या पुढे. ताप उतरला होता, ऑक्सिजन ठीक होता, दुसऱ्या दिवशी घरी सोडायचं चाललं होतं. मध्यरात्री ते उठून बसले आणि खाटेखाली वाकून काही शोधू लागले. म्हशीला वैरण घालायची राहिली, असं म्हणत होते. सलाईनची सुई निघाली, चादरीवर रक्त सांडलं. वॉर्डबॉयने धरलं तर त्याच्या हाताला चावले. नवीन लागलेल्या डॉक्टरांनी झोपेचं इंजेक्शन लिहिलं आणि हात बांधायला सांगितले. गॉज बँडेजच्या पट्ट्या कापून झाल्या होत्या. मी आजोबांचं पांघरूण बाजूला केलं आणि पोटावर हात ठेवला. ओटीपोट बेंबीपर्यंत फुगून घट्ट झालं होतं. दुपारपासून त्यांना लघवी झालेली नव्हती आणि ते कुठल्याच कागदावर लिहिलेलं नव्हतं. कॅथेटर घातल्यावर पिशवीत लिटरभर लघवी उतरली. पहाटेपर्यंत ते शांत झोपले आणि सकाळी मुलाला विचारत होते की, म्हशीला कोणी घातलं.

प्रोस्टेटचा त्रास त्यांना आधीपासून होता. सर्दीसाठी दिलेल्या गोळीत अ‍ॅलर्जीवरचं जुन्या पठडीचं औषध होतं. क्लोरफेनिरामाइन, फेनिरामाइन, डायफेनहायड्रामाइन ही त्या जातीतली औषधं. ती लघवी तुंबवतात, तोंड कोरडं करतात, बद्धकोष्ठ करतात आणि थेट मेंदूलाही गुंगवतात. वृद्धांना ती देताना दहा वेळा विचार करावा, असं वृद्धोपचाराची पुस्तकं कधीपासून सांगत आली आहेत. आपल्याकडे मात्र सर्दीच्या कितीतरी बाटल्यांत ती असतात आणि वॉर्डात थोडी पुरळ दिसली की इंजेक्शनातूनही जातात. त्या रात्री झोपेचं इंजेक्शन आणि बँडेजच्या पट्ट्या यांचा मार्ग धरला असता, तर आजोबा गप्प झाले असते आणि लघवी तशीच तुंबून राहिली असती.

शांत करण्याच्या औषधांवर आपला फार भरवसा आहे. तो तपासून पाहायला हवा. अतिदक्षता विभागातल्या डेलिरियमच्या रुग्णांना हॅलोपेरिडॉल, झिप्रासिडोन किंवा औषधाचा अंश नसलेला द्राव देऊन केलेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने छापले. औषधांनी डेलिरियमचे दिवस कमी झाले नाहीत. लोराझेपाम, मिडाझोलाम या गटातल्या औषधांनी तर वृद्धांमधला डेलिरियम वाढतो. दारू अचानक सुटल्यामुळे होणारा डेलिरियम हा वेगळा, तिथे याच गटातली औषधं लागतात, आणि म्हणून दाखल करून घेताना दारूविषयी संकोच न बाळगता विचारलं पाहिजे. रुग्णाच्या किंवा इतरांच्या जिवाला धोका असेल तेव्हा थोड्या मात्रेत औषध द्यावं लागतं, हे मी नाकारत नाही. पण कारण शोधण्याऐवजी औषध, असं होता कामा नये.

हात बांधण्याबद्दल स्पष्ट लिहिते. मनगटाला पट्टीची गाठ आणि दुसरं टोक खाटेच्या दांडीला, असं रात्रभर ठेवलेल्या माणसाच्या हाताला सकाळी सूज असते, कातडी सोललेली असते. बांधलेला माणूस कूस बदलू शकत नाही, पाणी मागायला हात वर करू शकत नाही. त्याची भीती वाढते आणि तो अधिक जोर लावतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या ९७ व्या कलमाने मनोरुग्णांची देखभाल करणाऱ्या संस्थांना बांधण्याबाबत कडक अटी घातल्या आहेत. तातडीचा धोका टाळायला दुसरा उपायच नसेल तेव्हाच, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने, नोंद ठेवून आणि गरज असेल तेवढाच वेळ. मनुष्यबळ कमी आहे या कारणावरून बांधता येणार नाही, असंही त्यात म्हटलेलं आहे. फ्लूचा ताप घेऊन मेडिसिन वॉर्डात आलेल्या वृद्धाला बांधताना मात्र असा कागद कोणी भरत नाही. ज्या संरक्षणाचा हक्क मनोरुग्णाला कायद्याने दिला, तो या रुग्णाला निदान रुग्णालयाच्या नियमाने तरी मिळाला पाहिजे.

आता उपायांकडे येते, कारण डेलिरियम पुष्कळ अंशी टाळता येतो. अमेरिकेत डॉ. शेरॉन इनूये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी येल विद्यापीठाच्या रुग्णालयात सत्तर वर्षांपुढच्या ८५२ रुग्णांवर केलेलं काम १९९९ मध्ये प्रसिद्ध झालं. एका गटाला नेहमीची देखभाल मिळाली. दुसऱ्या गटाला त्याशिवाय काही साध्या गोष्टी मिळाल्या : वार, तारीख, ठिकाण यांची वारंवार आठवण, दिवसातून काही वेळा चालवणं, वेळेवर पाणी पाजणं, चष्मा आणि श्रवणयंत्र हाताशी, रात्री झोपमोड होणार नाही अशी कामांची आखणी. पहिल्या गटात १५ टक्के रुग्णांना डेलिरियम झाला, दुसऱ्या गटात ९.९ टक्के. यातलं बरंचसं काम प्रशिक्षण दिलेल्या स्वयंसेवकांनी केलं.

त्या स्वयंसेवकांची जागा आपल्याकडे घेणारं माणूस रुग्णालयाच्या फाटकाबाहेर उभं असतं. मुलगी असते, सून असते, नातू असतो. रात्रभर पायरीवर बसतात, पास मिळेल का म्हणून वॉचमनची मनधरणी करतात. आत त्यांचे बाबा कुणी ओळखीचं दिसत नाही म्हणून घाबरलेले असतात. वॉर्डात एका पाळीला एक-दोन सिस्टर आणि खाटा कितीतरी, हे आपल्याला ठाऊक आहे. प्रत्येक वृद्धाला दर दोन तासांनी पाणी पाजणं, कूस बदलणं, कवळी धुऊन बसवणं, संडासला धरून नेणं आम्हाला कितीही वाटलं तरी जमत नाही. नातेवाइकाला हे जमतं. आणि नातेवाइकालाच ठाऊक असतं की आजींना डाव्या कानाने ऐकू येतं, की त्यांना घरात कन्नड किंवा तेलुगू बोलायची सवय आहे, की चहाशिवाय त्यांची सकाळ होत नाही.

निदानासाठीही या माणसाइतका भरवशाचा साक्षीदार नाही. ‘हे नेहमीपेक्षा वेगळे वागतायत का?’ या एका प्रश्नाचं उत्तर जे माणूस देऊ शकतं, त्यालाच आपण बाहेर ठेवतो. तक्त्यावरचा रकाना आणि खाटेजवळचं माणूस यांची मागणी मी एकत्र करते ती यासाठीच. आम्ही रुग्णाला आज पहिल्यांदा पाहत असतो. तो काल कसा होता, हे घरच्यांना विचारल्याशिवाय रकाना खरा भरला जात नाही.

कोविडच्या काळात हा सगळा आधार एकदम तोडावा लागला. आमचे डोळेसुद्धा गॉगलच्या वाफेआड, आवाज मास्कआड, सगळ्यांचे पोशाख एकसारखे पांढरे. चष्मा, कवळी, श्रवणयंत्र पिशवीत बांधून सामानात गेलेलं. दिवे रात्रंदिवस चालू, मशिनचे आवाज अखंड, खिडकी कुठेच नाही. नाकातोंडावर बायपॅप या श्वासाच्या यंत्राचा घट्ट मास्क. धडधाकट माणसाचीही शुद्ध हरपावी अशी ती परिस्थिती होती. १४ देशांतल्या ६९ अतिदक्षता विभागांत दाखल झालेल्या २,०८८ कोविड रुग्णांचा अभ्यास २०२१ मध्ये ‘लॅन्सेट रेस्पिरेटरी मेडिसिन’मध्ये आला. निम्म्याहून अधिक रुग्णांना डेलिरियम झाला होता. मिडाझोलामच्या गटातली औषधं ज्यांना दिली गेली त्यांच्यात त्याचा धोका जास्त होता. आणि ज्यांना घरच्यांना प्रत्यक्ष किंवा व्हिडिओ कॉलवर भेटता आलं, त्यांच्यात धोका कमी होता. आमच्या वॉर्डात एक टॅब आणला गेला तेव्हा मी हे स्वतः पाहिलं. मास्क काढून फेकणाऱ्या एका आजींना सुनेने पडद्यावरून नुसतं ‘आई, जेवलात का?’ विचारलं आणि त्यांचा हात मास्कवरून खाली आला.

आपल्या शंका मला ठाऊक आहेत. वॉर्डात गर्दी होते, एका रुग्णामागे चार माणसं येतात, संसर्ग पसरतो, डॉक्टरांवर हल्ले होतात. या शंका खऱ्या आहेत. मीही माझ्या वॉर्डातून गर्दी हटवलेली आहे. म्हणून मी एकाच माणसासाठी मागणी करते आहे. नाव नोंदवलेलं, फोटो असलेला पास गळ्यात असलेलं, मास्क कसा घालायचा आणि हात कधी धुवायचे हे शिकवलेलं एक माणूस. डेंग्यू आणि चिकनगुन्या डासामुळे पसरतात. तिथे मच्छरदाणी हवी, नातेवाइकाला बंदी घालण्याचं कारण नाही. फ्लू आणि कोविडमध्ये घरचं माणूस बहुधा रुग्णाच्या आधीच संपर्कात आलेलं असतं. योग्य मास्क आणि गाऊन देऊन त्याला आत घेता येतं, आणि ज्याला ते शक्य नाही त्याच्यासाठी दिवसातून ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल लावून देणं हे कुणाच्या तरी कामाच्या यादीत लिहिता येतं. रुग्णाजवळ बसलेल्या माणसाला काय चाललं आहे हे दिसतं, कळतं. बाहेर ताटकळत ठेवलेल्याला फक्त अफवा कळतात. हल्ल्यांमागचा अविश्वास यानेही थोडा कमी होईल, असं माझं अनुभवाचं मत आहे.

डेलिरियमचे परिणाम डिस्चार्जबरोबर संपत नाहीत. मुक्काम वाढतो, खाटेच्या कठड्यावरून उतरताना माणूस पडतो, खुब्याचं हाड मोडतं. मृत्यूची शक्यता वाढते. पुढे स्मृतिभ्रंश होण्याचा धोकाही वाढतो. काही जण दोन-चार दिवसांत सावरतात, काहींना आठवडे आणि महिने लागतात. हे घरच्यांना कोणी सांगत नाही. मग घरात ‘डोक्यावर परिणाम झाला’, ‘बाहेरचं लागलं’ अशी चर्चा सुरू होते, देवऋष्याकडे चकरा होतात. आणि ज्या आजोबांना त्या रात्रींतलं अर्धंमुर्धं आठवत असतं, ते शरमेने कुणाशी बोलत नाहीत. दोन मिनिटं समजावून सांगितलं आणि हातात एक मराठी पत्रक दिलं, तर हे बरंच टळेल.

यासाठी नवा कायदा लागत नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याचं विसावं कलम सरकारी रुग्णालयांत वृद्धांसाठी खाटांची आणि जिल्हा रुग्णालयात वृद्धोपचाराचा अनुभव असलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली खास सोयीची तरतूद करतं. वृद्धांच्या आरोग्यासाठीच्या राष्ट्रीय कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयांत दहा खाटांचा वृद्धोपचार कक्ष धरलेला आहे. २०११ च्या जनगणनेतच राज्यात जवळपास दर दहा माणसांत एक साठीपुढचा होता, आणि त्यानंतर हे प्रमाण वाढतच आहे. गरज आहे ती वॉर्डापर्यंत पोहोचणाऱ्या एका परिपत्रकाची. त्यात पुढील गोष्टी असाव्यात, अशी माझी मागणी आहे.

१. ६५ वर्षांपुढच्या प्रत्येक दाखल रुग्णाच्या टीपीआर चार्टवर, म्हणजे ताप-नाडी-श्वास यांच्या तक्त्यावर, ‘शुद्ध आणि लक्ष’ असा रकाना असावा आणि तो प्रत्येक पाळीत भरावा. गप्प पडलेल्या रुग्णाचाही भरावा. यासाठी ‘फोर-ए-टी’ नावाची दोन मिनिटांत होणारी, फुकट उपलब्ध असलेली चाचणी आहे. एडिंबरा विद्यापीठाचे डॉ. अलॅस्डेर मॅक्ललिक यांनी सहकाऱ्यांसह ती विकसित केली. तिच्यात जन्मतारीख विचारतात आणि महिने उलटे म्हणायला लावतात. आपल्याकडे त्या पिढीतल्या कितीतरी जणांची जन्मतारीख शाळेने लिहिलेली १ जून आहे आणि शाळाच न पाहिलेल्या आजी चैत्र-वैशाख सांगतील, जानेवारी-फेब्रुवारी सांगणार नाहीत. इथल्या वृद्धांवर तपासून घेतलेली मराठी आवृत्ती वैद्यकीय महाविद्यालयांनी प्रत्येक वॉर्डाला द्यावी.

२. रकान्यात बदल दिसला की त्याच पाळीत डॉक्टरांना कळवावं आणि ठरलेली तपासणी व्हावी : ऑक्सिजन, रक्तातली साखर, सोडियम, पाण्याची कमतरता, तुंबलेली लघवी, अडलेली शौच, वेदना, नवा संसर्ग आणि चालू असलेलं प्रत्येक औषध. यातल्या निम्म्या गोष्टींना हात, डोळे आणि पल्स ऑक्सिमीटर पुरतो.

३. ६५ वर्षांपुढच्या प्रत्येक दाखल रुग्णाजवळ एक नोंदणीकृत नातेवाईक चोवीस तास राहू द्यावा. विलगीकरण कक्षातही, संरक्षक साधनांसह. ज्यांना कोणीच नाही त्यांच्यासाठी नर्सिंगचे विद्यार्थी, राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक आणि ज्येष्ठ नागरिक संघांतले तयार सदस्य यांना प्रशिक्षण देऊन पाळ्या लावाव्यात.

४. चष्मा, कवळी, श्रवणयंत्र आणि काठी रुग्णाच्या हाताशी राहावी. प्रत्येक कक्षात मोठ्या आकड्यांचं घड्याळ आणि कालनिर्णयसारखी मराठी दिनदर्शिका असावी. रात्री अकरा ते पहाटे पाच दिवे मंद असावेत आणि तातडीची नसलेली कामं त्या वेळेत करू नयेत.

५. बांधण्याची वेळ आलीच तर डॉक्टरांच्या सहीशिवाय, कारण आणि वेळ लिहिल्याशिवाय, नातेवाइकाला सांगितल्याशिवाय बांधू नये. दर महिन्याला या नोंदी अधीक्षकांनी पाहाव्यात. मनुष्यबळाची कमतरता हे कारण ग्राह्य धरू नये.

६. वृद्धांना देणं टाळायच्या औषधांची एक पानाची यादी औषधांच्या ट्रॉलीवर चिकटवावी.

७. इंटर्न, सिस्टर, मावशी आणि वॉर्डबॉय या सगळ्यांना पावसाळ्यापूर्वी अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण द्यावं. रात्री रुग्णाला पहिला हात मावशी आणि वॉर्डबॉयचाच लागतो.

८. डिस्चार्ज कार्डावर ‘रुग्णालयात डेलिरियम झाला होता’ हे लिहावं आणि घरच्यांसाठी मराठी पत्रक द्यावं. पुढच्या वेळी दाखल करून घेणाऱ्या डॉक्टरला ते वाचून सावध होता येईल.

यातला पहिला, तिसरा आणि पाचवा मुद्दा अंमलात आणायला फारसा खर्च मंजूर करून घ्यावा लागत नाही. चार्ट पुन्हा छापताना एक उभी रेघ वाढते, पासच्या नियमात एक वाक्य बदलतं आणि एक वही उघडावी लागते. बाकीच्यांसाठी थोडा खर्च येईल. पडून मोडलेल्या एका खुब्याच्या शस्त्रक्रियेचा आणि लांबलेल्या मुक्कामाचा खर्च त्याच्यासमोर मांडून पाहा.

आम्हा सिस्टरांवर या सगळ्याचा आणखी एक बोजा पडेल, असंही कोणी म्हणेल. रकाना भरायला वेळ लागतो, हे खरं. पण रात्री तीन वाजता उपसलेली सलाईन पुन्हा लावायला, पडलेल्या रुग्णाला उचलायला, चावलेल्या वॉर्डबॉयला टिटॅनसचं इंजेक्शन द्यायला त्याहून कितीतरी अधिक वेळ जातो. रिक्त पदं भरा ही आमची मागणी जुनी आहे आणि ती कायम आहे. ती पदं भरली जाईपर्यंत या रुग्णांनी थांबावं, असं मात्र आपण कुणीच म्हणू शकत नाही.

माझी विनंती आहे की येत्या जूनपूर्वी, साथीचे वॉर्ड भरायच्या आत, हे परिपत्रक दोन्ही विभागांनी एकत्र काढावं. ते सरकारी, महापालिका, धर्मादाय आणि खासगी अशा सर्व रुग्णालयांना लागू करावं. पावसाळा संपल्यावर जिल्हानिहाय किती वृद्ध दाखल झाले, कितींची शुद्ध तपासली गेली, कितींना डेलिरियम आढळला आणि कितींना बांधावं लागलं, हे चार आकडे जाहीर करावेत. ते आकडे पाहूनच पुढच्या वर्षी आम्ही आपल्याला प्रश्न विचारू. परिपत्रकाचा मसुदा करण्यासाठी, प्रशिक्षणासाठी माझ्यासारख्या निवृत्त परिसेविका प्रत्येक जिल्ह्यात आहेत. बोलवा, आम्ही येऊ.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिसेविका